मोम्बासाला उतरलेली कुटुंबं

नैरोबीत युनिव्हर्सिटीला लागून हॅरी थुकू रोड आहे आणि त्याच रस्त्यावर नॉरफोक हॉटेल. १९०४ च्या ख्रिसमसला सुरू झालेलं, गोऱ्या सेटलर लोकांचा अड्डा, मोठमोठे लॉर्ड लोक इथे उतरायचे. केनियातल्या ज्यू निर्वासितांबद्दल लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं, सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं, पण या एका हॉटेलची गोष्ट नीट सांगितली तरी अर्धं सांगून होईल असं वाटतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

१९२२ च्या मार्चमध्ये हॅरी थुकू नावाच्या, किकुयू जमातीच्या तरुण पुढाऱ्याला पोलिसांनी उचललं. तो सक्तीच्या मजुरीविरुद्ध बोलत होता, झोपडीवरच्या कराविरुद्ध बोलत होता आणि सगळ्यात जास्त किपांडेविरुद्ध. किपांडे म्हणजे आफ्रिकन पुरुषांना सक्तीचा केलेला ओळखीचा कागद, त्यावर बोटांचे ठसे, मालकाचं नाव, पगार, काम कधी सोडलं सगळं लिहिलेलं, आणि तो कागद पत्र्याच्या छोट्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. थुकूला सोडा म्हणत पोलीस ठाण्यासमोर हजारो लोक जमले, त्यात बायका पुढे होत्या, मेरी न्यांजिरू नावाची बाई तर सगळ्यात पुढे. पोलिसांनी गोळीबार केला आणि समोरच्या नॉरफोकच्या व्हरांड्यातून गोऱ्या गिऱ्हाइकांनीही गोळ्या झाडल्या असं तेव्हापासून सांगितलं जातं. वीसच्या वर माणसं मेली. न्यांजिरू त्यात गेली.

पाच वर्षांनी, १९२७ साली, हे हॉटेल अब्राहम ब्लॉक यांनी विकत घेतलं. ब्लॉक मूळचे लिथुआनियाचे ज्यू, दक्षिण आफ्रिकेमार्गे १९०३ मध्ये केनियात आले, हातात फारसं काही नव्हतं. आणि त्यानंतर बारा वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारने केनियातल्या सगळ्या जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रूदेशाचे नागरिक म्हणून ताब्यात घेतलं, त्यात हिटलरच्या तावडीतून जेमतेम सुटून आलेले ज्यूसुद्धा आले. पुरुषांना कॅम्पात टाकलं आणि बायकामुलांना आणून ठेवलं नॉरफोक हॉटेलात. ब्लॉकसाहेबांच्याच हॉटेलात.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं नैरोबीला होते. ऑफिसला जाताना युनिव्हर्सिटी वेच्या कोपऱ्यावर सिनेगॉग दिसायचं, मूळचं १९१३ चं, आताची इमारत १९५५ ची, भोवती झाडं आणि गेटवर कडक सिक्युरिटी. आमच्याकडे कोकणातले बेने इस्रायल लोक माहितीचे, शनवार तेली, अलिबाग-पेणच्या बाजूचे, मराठी बोलणारे, त्यामुळे ज्यू म्हटलं की मला परकं असं कधी वाटलंच नव्हतं. पण इथे हे कोण, कुठून आले, हे विचारायला लागले आणि मग ते विचारणं थांबलंच नाही.

खरं तर ही गोष्ट हिटलरच्या कितीतरी आधीची आहे. १९०३ मध्ये ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे पुढारी थिओडोर हर्झल यांना सांगितलं की रशियात तुमच्या लोकांच्या कत्तली चालल्यात, तर आम्ही पूर्व आफ्रिकेत तुम्हाला जमीन देतो. लोक त्याला युगांडा योजना म्हणतात पण जागा होती आजच्या केनियातली, उआसिन गिशूचं पठार, साधारण ५,००० चौरस मैल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किशिनेव्हला ज्यूंची भयानक कत्तल झाली होती, त्यामुळे बाझेलच्या झायोनिस्ट काँग्रेसमध्ये यावर रडारड, भांडणं, सगळं झालं. तिकडे केनियात लॉर्ड डेलामेर वगैरे सेटलर मंडळींनी लगेच विरोध सुरू केला, लंडनच्या पेपरला तारा गेल्या. तीन माणसांचं पथक येऊन पठार बघून गेलं आणि १९०५ मध्ये झायोनिस्टांनीच प्रस्ताव नाकारला. या सगळ्यात त्या पठारावर गुरं चारणाऱ्या लोकांना कुणी काही विचारलं नाही. ते विचारायचं असतं हेच कुणाच्या मनात आलं नाही, ना देणाऱ्याच्या ना घेणाऱ्याच्या. १९०८ पासून तिथे दक्षिण आफ्रिकेतले बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, येऊन बसले, तेच आजचं एल्डोरेट.

मग आलं १९३३. हिटलर सत्तेवर आला, वकिलांच्या सनदा गेल्या, प्रोफेसर-जज लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि लोक नकाशे उघडून बसले. अमेरिकेचा व्हिसा मिळणं कठीण, पॅलेस्टाईनला जायची सर्टिफिकेटं मोजकी. दक्षिण आफ्रिकेत १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये 'स्टुटगार्ट' नावाची बोट भरून पाचशेच्या वर जर्मन ज्यू केपटाऊनला उतरले तर त्यांच्याविरुद्ध निदर्शनं झाली, स्टेलनबॉश विद्यापीठाचे काही प्रोफेसरसुद्धा विरोधात उभे राहिले, त्यात एक व्हेरवूर्ड, हो, तेच जे पुढे पंतप्रधान झाले आणि अपार्टहाइड, म्हणजे तिथला वर्णभेद, ज्यांच्या नावाने ओळखलं जातं. दुसऱ्या वर्षी तिथे परदेशी लोकांविरुद्धचा कायदा आला आणि तो दरवाजा जवळजवळ बंद झाला. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एव्हियाँला निर्वासितांच्या प्रश्नावर ३२ देश जमले, सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि जवळजवळ कुणीच दार उघडलं नाही. ब्रिटनचे लॉर्ड विंटरटन शेवटी एवढं म्हणाले की केनियात थोड्या प्रमाणावर काही करता येईल का ते बघतोय. थोड्या प्रमाणावर. त्या दोन शब्दांवर किती घरांनी आशा धरली असेल.

केनियाला जायचं तर माणशी ५० पौंड डिपॉझिट दाखवायला लागायचं. जर्मनीतून बाहेर पडताना मालमत्तेचा चौथा हिस्सा पलायन कर म्हणून सरकार कापून घ्यायचं आणि शेवटी शेवटी तर खिशात फक्त १० मार्क घेऊन निघायची परवानगी होती, मग ५० पौंड आणायचे कुठून. नैरोबीतल्या ज्यूंनी वर्गणी काढून, हमी देऊन कितीतरी जणांना आणलं. पैसे नेता येत नाहीत म्हणून लोक वस्तू न्यायचे. पेट्याच्या पेट्या भरून चिनी मातीची भांडी, पुस्तकं, टेबलक्लॉथ, पियानोसुद्धा. हे सगळं घेऊन बोटीने सुवेझमधून, एडनवरून मोम्बासा, तिथून रेल्वेने वर डोंगरात. ही रेल्वे आपल्याकडून नेलेल्या बत्तीसेक हजार मजुरांनी बांधलेली, बहुतेक पंजाबचे, त्यातले अडीच हजारच्या आसपास तिथेच मेले.

आणि मग काय, तर जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहराचा वकील शेतावर मॅनेजर. जर्मन कायद्याची डिग्री केनियात काय कामाची, पण सरकारला आणि सेटलर लोकांना शेतीवर राबणारा माणूस चालत होता, शहरात दुकान टाकून कॉम्पिटिशन करणारा नको होता. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कुंडीतलं झाड वाढवलं नाही ते लोक मोलो, किनांगोप, गिलगिल, नाकुरूच्या बाजूला सात-आठ हजार फुटांवर, रात्री हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दुसऱ्याच्या मालकीच्या शेतावर गाई मोजायला लागले. मका, गहू, आणि पायरेथ्रम. हे शेवंतीच्या जातीचं पांढरं फूल, वाळवून त्याचं कीटकनाशक करतात. युद्धात जपानचा माल बंद झाला आणि सैन्याला उवा-डासांसाठी हे लागायचं म्हणून केनियात सगळीकडे त्याची लागवड वाढली. फुलं हाताने खुडायची, ती खुडायला किकुयू बायका आणि मुलं.

नाकुरूला माझी एका म्हाताऱ्या गुजराती काकांशी ओळख झाली, त्यांच्या वडिलांचं तिथे दुकान होतं, शेतावरच्या लोकांना रॉकेल, पीठ, साखर, मीठ उधारीवर द्यायचे. काका तेव्हा लहान, पण त्यांना एक जर्मन बाई आठवत होती. ती उधारीच्या वहीत सही करताना दरवेळी पूर्ण नाव लिहायची, इतर गोरे लोक नुसती रेघ ओढायचे. एकदा पैसे नव्हते तेव्हा तिने एक पांढरा टेबलक्लॉथ आणून दिला, कोपऱ्यात दोन अक्षरं भरतकाम केलेली, तिच्या आईच्या नावाची. काकांच्या आईने तो कधी वापरला नाही, विकलाही नाही. मी विचारलं, "काका, ती परत न्यायला आली नाही का कधी?" तर म्हणाले, "बेटा, मेरी माँ रोज बोलती थी कि आएगी." एवढंच. मला पुढे काही विचारवलं नाही.

आता जे लिहायचंय ते जरा अवघड आहे. त्या बाईच्या पासपोर्टवर लाल रंगात 'J' हे अक्षर मारलेलं असणार, J म्हणजे ज्यू, ऑक्टोबर १९३८ पासून सगळ्या ज्यूंच्या पासपोर्टवर ते मारायला लागले होते. १९३९ च्या जानेवारीपासून जवळजवळ प्रत्येक ज्यू बाईच्या नावात सारा आणि पुरुषाच्या नावात इस्राएल घालणं कायद्याने सक्तीचं केलं होतं. म्हणजे कागद बघितल्याबरोबर समोरच्याला कळलं पाहिजे की या माणसाशी कसं वागायचं. असा कागद घेऊन ती मोम्बासाला उतरली, शेतावर पोचली, आणि तिथे तिच्या अंगणात जो माणूस लाकडं फोडायला उभा होता त्याच्या गळ्यात पत्र्याची डबी. आणि तो माणूस तिला मेमसाब म्हणाला. एका बोटीच्या प्रवासात ती सगळ्यात खालच्या पायरीवरून वरून दुसऱ्या पायरीवर आली, स्वतः काहीही न करता. इंग्रज शेजारी तिला चहाला बोलवायचे नाहीत, नवऱ्याचा पगार तुटपुंजा, घर म्हणजे पत्र्याचं छप्पर, हे सगळं खरं, तरी घरात स्वयंपाकी होता, आया होती, कारण गोऱ्या माणसाच्या घरात ते असतातच अशी तिथली पद्धत, आणि शेतमजुराला महिन्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळायचे.

तिने काय करायला हवं होतं असं विचारणं मला बरोबर वाटत नाही. मुलं जिवंत ठेवायची होती, ती तिने ठेवली, आणि तेच सगळ्यात मोठं काम होतं. पण ज्या जमिनीवर ती जिवंत राहिली ती जमीन आधीच कुणाची तरी काढून घेतलेली होती, मसाई लोकांकडून १९०४ आणि १९११ च्या करारांनी, किकुयूंकडून त्याच सुमारास, आणि तेच लोक त्याच जमिनीवर आता स्क्वॉटर म्हणून, म्हणजे मालकाकडे वर्षाचे अमुक इतके दिवस राबण्याच्या अटीवर, राहत होते. भारतीयांना तर त्या हायलँड्समध्ये, म्हणजे गोऱ्यांसाठी राखलेल्या उंचावरच्या भागात, जमीन विकतच घेता येत नव्हती, १९३९ मध्ये ते कायद्याने पक्कं करून टाकलं. रेल्वे आम्ही बांधायची आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन आम्हाला बंद. हे वाचताना मला राग यायचा, आणि त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीचा वॉचमन माझ्यासाठी उठून उभा राहायचा, त्याच्या जागी माझ्या आजोबांच्या वयाचा कुणी असता तरी उभा राहिला असता, केवळ मी मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून. मधली पायरी आमची. ती अजून पूर्ण गेलेली नाही, तिथे राहिलेल्या प्रत्येक भारतीयाला हे आतून माहीत असतं.

मुलांचं मात्र वेगळं झालं. आईबाप घरात जर्मन बोलायचे आणि घराबाहेर अडखळत इंग्लिश, मुलं सहा महिन्यांत स्वाहिली बोलायला लागली, स्वयंपाक्याच्या मागे फिरून किकुयू, नंदी काय काय शिकली. मग त्यांना नाकुरूच्या बोर्डिंगमध्ये टाकलं, शाळा रंगाप्रमाणे वेगळ्या, गोऱ्यांची, एशियन लोकांची, आफ्रिकनांची. ही मुलं गोऱ्यांच्या शाळेत. सुट्टीला घरी आली की आधी स्वयंपाकघरात पळायची. नंतर म्हातारपणी यातल्या कितीतरी जणांनी लिहिलंय की आफ्रिका म्हणजे आमचं बालपण, आमचं घर. त्यांचं प्रेम खरं आहे यात मला शंका नाही.

नॉरफोकमधल्या बायकांकडे परत येते. ही अशी धरपकड आपल्याकडेही झाली, अहमदनगरच्या किल्ल्याजवळ, पुरंदरवर, तिथेही नाझी आणि नाझींपासून पळालेले ज्यू एकाच कुंपणात होते. केनियात पुरुषांना फार दिवस ठेवलं नाही, शेतं बघायला माणसं लागत होती ना, आणि पुढे त्यातलेच काही ब्रिटिश सैन्यात गेले. पण युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीतून येणारी पत्रं थांबली. मग राहिले रेडक्रॉसचे फॉर्म, जास्तीत जास्त २५ शब्द, महिनोन् महिने लागायचे पोचायला. पंचवीस शब्दांत आई काय लिहिणार. आम्ही बरे आहोत, तुम्ही काळजी करू नका, लवकरच प्रवासाला निघणार आहोत. प्रवास म्हणजे काय ते किनांगोपवर बसलेल्या मुलीला कळायला मार्ग नव्हता. ब्रेस्लाऊहून १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये जी पहिली मोठी गाडी निघाली ती लिथुआनियातल्या काउनासला गेली, आणि २९ नोव्हेंबरला नवव्या किल्ल्यावर त्या सगळ्यांना, व्हिएन्नाहून आणलेल्यांसकट, गोळ्या घातल्या, दोन हजार माणसं एका दिवसात. लिथुआनिया, ब्लॉकसाहेब जिथून आले तेच. मी हे वाचलं तेव्हा त्या टेबलक्लॉथची आठवण झाली आणि बराच वेळ दुसरं काही सुचेना.

या सगळ्या दुःखातून गेलेल्या माणसाने समोरच्या काळ्या माणसाच्या दुःखाकडे कसं बघितलं, हाच माझा खरा प्रश्न आहे. बहुतेकांनी नीट वागवलं, वाईट शब्द वापरला नाही, आजारी पडल्यावर औषध दिलं, आणि व्यवस्थेला हात लावला नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही, परक्या देशात आज ना उद्या हाकलतील या भीतीत जगणारा माणूस मान वर करत नाही. पण काहींनी केली. नॉर्दर्न ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, सायमन झुकास नावाचा मुलगा १९३८ मध्ये लिथुआनियातून आला, तेरा वर्षांचा. केपटाऊनला इंजिनिअर झाला, परत आला आणि आफ्रिकन लोकांच्या बाजूने उभा राहिला, शेजारच्या वसाहतींशी जोडणारं, गोऱ्यांच्या ताब्यातलं फेडरेशन नको म्हणून चळवळीत उतरला, १९५२ मध्ये सरकारने त्याला पकडून देशाबाहेर काढलं. स्वातंत्र्यानंतर परत आला, नव्वदच्या दशकात मंत्रीही झाला, २०२१ मध्ये गेला. आणि त्याच फेडरेशनचे पुढे पंतप्रधान झालेले रॉय वेलेन्स्की, त्यांचे वडीलही लिथुआनियातलेच ज्यू. एकाच मातीतून आलेली दोन घरं, एक इकडे एक तिकडे. त्यामुळे परिस्थितीच तशी होती असं कुणी म्हटलं की मला झुकास आठवतो. परिस्थिती तशीच होती आणि तरीही माणसाला निवड होती.

युद्ध संपल्यावर कुटुंबं पांगायला लागली. कुणी इंग्लंडला, कुणी अमेरिकेला, कुणी पॅलेस्टाईनला, अगदी थोडे जर्मनीला परत, तिकडे वकील-जज लोकांची गरज होती. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमधले इर्गुन या ज्यू सशस्त्र संघटनेचे कैदी आणून गिलगिलला डांबले, ज्या गिलगिलच्या आसपास हे लोक गाई मोजत होते तिथेच, आणि १९४८ मध्ये इस्राएल झाल्यावर ते सुटून गेले. मग १९५२ ची आणीबाणी, माऊ माऊ म्हणजे किकुयूंचं ब्रिटिशांविरुद्धचं बंड, त्यासाठी हायलँड्समधल्या स्क्वॉटर लोकांनी घेतलेल्या शपथा, हजारो किकुयू कॅम्पात. कॅम्प काय असतो हे ज्यांना माहीत होतं असे लोक तेव्हा त्या शेतांवर होते. डिसेंबर १९६३ मध्ये स्वातंत्र्य आलं. गोऱ्यांची शेतं सरकारने विकत घेऊन भूमिहीन आफ्रिकन कुटुंबांना कर्जावर दिली, म्हणजे स्वतःचीच जमीन हप्त्याने परत घ्यायची. नॉरफोक ब्लॉक कुटुंबाकडे राहिलं, आणि ३१ डिसेंबर १९८० च्या रात्री तिथे बॉम्ब फुटला, पंधराहून जास्त माणसं गेली, १९७६ मध्ये युगांडातल्या एंटेबे विमानतळावरून ओलिसांना सोडवताना केनियाने इस्राएलला मदत केली त्याचा सूड असं मानलं जातं.

या कुटुंबांच्या आठवणी मी मिळतील तेवढ्या वाचल्या. बहुतेक सगळ्या त्या मुलांनी लिहिलेल्या, म्हातारपणी, युरोपात किंवा इस्राएलमध्ये बसून. त्यात स्वयंपाक्याचं नाव असतं, आडनाव नसतं. तो कुठल्या गावचा, त्याच्या बायकोचं नाव काय, आणीबाणीत त्याचं काय झालं, हे नसतं. मुलाला ते माहीतच नव्हतं. पण किनांगोपला, मोलोला ज्यांच्या आयांनी ती पांढरी फुलं खुडली अशी माणसं अजून आहेत, ऐंशी-नव्वदीतली. नैरोबी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकणारी मुलं तिथून दोन-तीन तासांवर आहेत. त्यांनी रेकॉर्डर घेऊन जावं आणि बसावं त्यांच्यापाशी. मला तर फार विचारायचंय, माझं स्वाहिली पुरत नाही म्हणून राहिलं. त्या साहेबाच्या घरची पत्रं यायची बंद झाली हे तुमच्या वडिलांना कळलं होतं का, त्या बाईंनी कधी सांगितलं का की माझ्याही गळ्यात एक कागद होता, आणि सांगितलं असेल तर रात्री घरी येऊन वडील तुम्हाला काय म्हणाले?